बोडीला जाताय? सोन्याआधी लाकूड बघा

प्रश्न असा आला आहे: ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक कुटुंब कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीहून टायोगा खिंड ओलांडून ली व्हायनिंगला दोन रात्री राहणार आहे. बरोबर पुण्याहून आलेले सासू-सासरे आहेत, वय 68 आणि 73. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. जवळच बोडी नावाचं सोन्याच्या खाणींचं ओसाड गाव आहे. त्याला अर्धा दिवस द्यावा का, की तिथे नुसती मोडकी घरं आहेत? सासऱ्यांना झेपेल का, मुलं कंटाळतील का, आणि बघायचं नेमकं काय?

अर्धा दिवस जरूर द्या. सकाळचा द्या, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीचा नको, शेवटच्या दिवशीचा द्या. कारण पुढे सांगते.

मी जुन्या लाकडी इमारतींच्या जतनाचं काम करते. आधी पुण्यातले वाडे आणि कोकणातली घरं-देवळं, गेली चौदा वर्षं कॅलिफोर्नियात. बोडीला अकरा वेळा गेले आहे, त्यातल्या एका वेळी हिवाळ्यात, पायाला स्नोशूज बांधून. भारतातून आलेली माणसं बरोबर नेली की एक गोष्ट दर वेळी दिसते. लोक सोनं शोधायला येतात. खाणी कुठे आहेत, सोनं अजून सापडतं का, असं विचारत फिरतात, आणि खाणींचा सगळा डोंगर बंद असल्यामुळे हिरमुसतात. म्हणून मी गाडीतून उतरल्या-उतरल्या सांगते की चारी बाजूंच्या टेकड्यांवर एक झाड दाखवा. नजर पोचेल तिथपर्यंत सेजब्रशची गुडघाभर राखाडी झुडपं, झाड नाही. आणि समोर शंभराहून जास्त इमारती उभ्या आहेत, जवळजवळ सगळ्या लाकडाच्या. हे लाकूड आलं कुठून, जळलं किती, आणि उरलं ते अजून उभं कसं, एवढं धरून फिरलात तर बोडी समजतं.

थोडा इतिहास लागेल. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं 1848 साली, सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर. तिकडच्या नद्यांची वाळू चाळून झाल्यावर माणसं डोंगर ओलांडून पूर्वेला आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीहून आलेल्या बोडी आडनावाच्या माणसाला 1859 साली इथे सोनं दिसलं. त्याच नोव्हेंबरात सामान आणायला गेलेला असताना तो हिमवादळात सापडून मेला. गावाला नाव त्याचं मिळालं, उच्चार तोच राहिला, स्पेलिंग मात्र बदललं. पुढची पंधरा-सोळा वर्षं इथे फारसं काही घडलं नाही. 1875 मध्ये एका खाणीत दरड कोसळली आणि आतली खनिजाची श्रीमंत शीर उघडी पडली. 1877 पासून लोंढा सुरू झाला. स्टँडर्ड ही सगळ्यांत मोठी खाण. 1880 च्या आसपास वस्ती सात-आठ हजारांवर गेली असावी असा अंदाज आहे, इमारती सुमारे 2,000, दारूचे गुत्ते साठाहून जास्त. तेव्हाच्या भावाने इथून एकूण जवळजवळ 3.4 कोटी डॉलरचं सोनं-चांदी निघालं. पण भर फार टिकली नाही. 1881-82 पासूनच माणसं पुढच्या खाणीकडे निघाली. 1910 च्या जनगणनेत 698 माणसं उरली होती, 1920 ला 120.

आता लाकडाकडे वळू. आठ हजार माणसं, रात्री जुलैतही पाणी गोठू शकेल अशी हवा, प्रत्येक घरात शेगडी, आणि डोंगरावर खाणीतला दगड कुटणाऱ्या, वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांचे बॉयलर. सगळ्याला लाकूडच. घर बांधायला लाकूड, बोगद्यांना टेकू द्यायला लाकूड, जाळायला लाकूड. ते यायचं ली व्हायनिंगलगतच्या मोनो सरोवराच्या दक्षिणेच्या पाइनच्या जंगलातून, आधी खेचरांवर आणि गाड्यांतून. मग 1881 साली खास त्यासाठी अरुंद मापाची रेल्वे बांधली. मोनो मिल्स, म्हणजे जंगलातली लाकूड कापायची गिरणी, ते बोडी, सुमारे 50 किलोमीटर. हिचं वैशिष्ट्य असं की ती जगातल्या दुसऱ्या कुठल्याही रेल्वेला जोडलेली नव्हती. जंगलातून निघायची आणि बोडीच्या वरच्या टेकडीवर संपायची. इंजिनंसुद्धा गाड्यांवर लादून इथवर ओढत आणावी लागली. तिच्या बांधकामावर चिनी मजूर होते. गावातले गोरे खाणकामगार त्यांना हुसकावायला चाल करून निघाले, तेव्हा कंपनीने त्या मजुरांना होड्यांतून मोनो सरोवरातल्या पाओहा बेटावर नेऊन ठेवलं. संध्याकाळी सरोवराकाठी उभे राहाल तेव्हा मुलांना ते बेट दाखवा. आज ते फार शांत दिसतं.

गावातसुद्धा चिनी वस्ती होती, किंग स्ट्रीटवर. शेकडो माणसं राहायची. भाजी विकणं, कपडे धुणं आणि घरोघरी जळण पोचवणं, ही कामं त्यांची. त्या वस्तीतलं आज फारच थोडं शिल्लक आहे. मुख्य रस्त्यावर रमलेले लोक तिकडे वळतही नाहीत. तुम्ही वळा. रिकामी जागा बघायची असते, तीही गावाचाच भाग आहे.

लाकूड महाग पडायला लागलं म्हणून स्टँडर्ड कंपनीने 1892-93 मध्ये एक धाडस केलं. वीसेक किलोमीटरवरच्या ग्रीन क्रीक ओढ्यावर जलविद्युत यंत्र बसवून तारांवरून वीज गिरणीपर्यंत आणली. इतक्या लांबून वीज आणून यंत्रं चालवणं तेव्हा अमेरिकेतही नवलाचं होतं. तारांची ओळ सरळ रेषेत नेली, कारण वळणावर वीज तारेतून उडून जाईल अशी भीती वाटली म्हणे. गोष्ट खरी असो वा नसो, मुलांना ती फार आवडते. पाचवी-सहावीचं विज्ञान आठवून ती तावातावाने सांगायला लागतात की असं होत नाही.

ती गिरणी म्हणजे स्टँडर्ड स्टॅम्प मिल, डोंगराच्या पायथ्याची करड्या पत्र्याची मोठी इमारत. जुनी लाकडी गिरणी 1898 ला जळाली, पुढच्या वर्षी ही उभी राहिली. आत जायला मार्गदर्शकाबरोबरचा दौरा लागतो. त्याची तिकिटं तिथल्या संग्रहालयात मिळतात आणि जागा मोजक्या असतात. गेल्या-गेल्या पहिलं काम हे करा. त्या दिवशी दौरा आहे का ते आधी चौकशी करून ठेवा. मुलांसाठी बोडीतली सगळ्यांत चांगली गोष्ट हीच. आत लोखंडी मुसळांची रांग आहे, अक्षरशः मुसळं, प्रत्येक कित्येक मण वजनाचं. खाणीतून आलेला दगड त्याखाली कुटून पिठासारखा करायचे, पाण्याबरोबर तो लगदा पारा चोपडलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायचे. सोनं पाऱ्याला चिकटायचं, माती वाहून जायची. मग तो लेप खरवडून बंद भांड्यात तापवायचा, पारा वाफ होऊन निघायचा, तो थंड करून परत वापरायचा, तळाशी सोनं. तुमच्या सासूबाईंनी उखळ-मुसळ बघितलं असेलच. त्यांना दगडाचं कांडण म्हणून समजावा, एका वाक्यात कळेल. गिरणी रात्रंदिवस चालायची. तो धडधडाट गावभर ऐकू यायचा आणि सगळ्यांना त्याची इतकी सवय झालेली, की तो थांबला तर काहीतरी विपरीत झालं असं लोक धरायचे.

गिरणीमागचा डोंगर बंद ठेवला आहे तो उगाच नव्हे. आतून पोखरलेला आहे, वर कुठे पाय खचेल याचा नेम नाही, आणि जुन्या प्रक्रियेतला पारा आणि सायनाइडचा गाळ मातीत आहे. कुंपण म्हणजे कुंपण.

आता "नुसती मोडकी घरं" या शंकेकडे येते, कारण माझं सगळं काम त्या दोन शब्दांभोवती आहे.

गावाला दोन मोठ्या आगी लागल्या, 1892 ला आणि 1932 ला. दुसरी आग एका अडीच वर्षांच्या मुलाच्या हातातल्या काड्यापेटीने लागली. तोवर उरलेल्या गावाचा बहुतेक भाग त्यात गेला. म्हणजे आज दिसतं ते मूळ गावाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. 1942 साली युद्धामुळे सरकारने सोन्याच्या खाणी बंद करवल्या आणि पोस्टही बंद झालं. केन घराण्याकडे गावातली बरीचशी मालमत्ता होती. त्यांनी राखणदार ठेवले, म्हणून चोरांनी सगळं उचलून नेलं नाही. 1962 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने गाव उद्यान म्हणून ताब्यात घेतलं आणि एक निर्णय केला: नवं करायचं नाही, पडूही द्यायचं नाही. त्याला अरेस्टेड डिके म्हणतात. मी मराठीत थोपवून धरलेली पडझड म्हणते. छप्पर गळत असेल तर दुरुस्त करतात, खिडकीची काच बदलतात, पाया आवळतात. पण भिंत कललेली असेल तर ती सरळ करत नाहीत, आहे त्या तिरकेपणात टेकू देऊन धरून ठेवतात. भिंतीचा कागद लोंबत असेल तर लोंबतो. टेबलावर धूळ असेल तर असते.

ऐकायला सोपं वाटतं. करायला, उभं नवं घर बांधण्यापेक्षा अवघड आहे. स्वेझी हॉटेल बघा. सगळी इमारत एका अंगाला झुकली आहे आणि बाहेरून तिरपे वासे लावून तिला पेललं आहे. असा एक वासा कुठे टेकवायचा, किती भार घ्यायचा, वाऱ्याने इमारत हलली तर सांधा तुटणार नाही इतकी मोकळीक कुठे ठेवायची, यात सुताराचं सगळं कसब लागतं. आणि इतकं करून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथे कोणी काही केलंच नाही. मी पुण्यात एका वाड्याच्या कामावर असताना मालकांनी दोनशे वर्षांचा कडीपाट पॉलिश करून चकचकीत करून घेतला. तासणीचे सगळे घाव घासून काढले. त्यानंतर पहिल्यांदा बोडीला आले आणि त्या हॉटेलासमोर बराच वेळ उभी राहिले.

एका भिंतीजवळ जा, हात लावू नका, पण नाक लागेल इतकं जवळ जा. फळीवर उभ्या-आडव्या रेघा उठून आलेल्या दिसतील, शिवणीवर टाचलेल्या दोऱ्यांसारख्या. लाकडाच्या वर्षाच्या वळ्यांत एक मऊ भाग असतो, एक कठीण. ऊन आणि वाऱ्याबरोबरची वाळू मऊ भाग खाते, कठीण कडा वर राहते. सव्वाशे-दीडशे वर्षांत वाऱ्याने केलेलं हे कोरीवकाम आहे. रंगही बघा. जुनं उघडं लाकूड ओल्या हवेत करडं पडतं, कारण त्यावर बुरशी धरते. इथे हवा इतकी कोरडी आहे की फळ्या उन्हात भाजून तांबूस-तपकिरी होतात, दालचिनीच्या सालीसारख्या. कोकणात तीन हजार मिलिमीटर पावसात आणि वाळवीत याच पाइनच्या फळीने दहा वर्षं काढली नसती. इथे शत्रू वेगळा आहे. बर्फ भिंतीशी साचतो, वसंतात वितळतो, आणि जमिनीलगतची आडवी तुळई खालून कुजते. वरची भिंत ठणठणीत, तळ गेलेला. आपल्या वाड्यांसारखं उंच दगडी जोतं इथे नाही. घाईत उभ्या केलेल्या घरांना जोतं बांधायला कोणाला वेळ होता! म्हणून घराच्या तळाशी जिथे नव्या लाकडाचा तुकडा दिसेल तिथे थांबा. ते घर त्या तुकड्यावर उभं आहे.

काही भिंती आणि छपरांवर गंजलेले चौकोन दिसतील. ते डबे कापून, ठोकून सपाट केलेले पत्रे आहेत. आपल्याकडे तेलाच्या डब्यांची छपरं होतात तसेच. तुमच्या सासऱ्यांना ते माझ्याआधी ओळखू येतील.

बहुतेक घरांत जाता येत नाही, खिडकीतून बघायचं असतं. त्याची एक युक्ती सांगते: काचेवर दोन्ही हातांचा पन्हाळ करून डोळा आत घाला आणि दहापर्यंत मोजा. अंधार सरावला की वस्तू एकेक करून वर येतात. फोटो हवा तर भिंग काचेला अगदी टेकवून धरा म्हणजे चकाकी येत नाही. बून यांचं दुकान चुकवू नका, फडताळांवर माल अजून लावलेला आहे. शाळेत बाकं, पुस्तकं आणि खिडकीजवळ उन्हाने विटलेला पृथ्वीचा गोल आहे. तुमची मुलगी तिथे रेंगाळेल असं मला वाटतं, माझी भाची रेंगाळली होती. व्हीटन आणि हॉलिस हॉटेलात बिलियर्डचं टेबल. शवगृहाच्या खिडकीत शवपेट्या आहेत, त्यातली एक लहान मुलाची. आठ वर्षांच्या मुलाला तिकडे न्यायचं की नाही हे तुम्ही आधी ठरवा. मेथडिस्ट चर्च 1882 चं. वेदीमागच्या भिंतीवर दहा आज्ञा रंगवलेलं कापड होतं, त्यातली एक 'चोरी करू नकोस'. ते कापड चोरीला गेलं.

चोरीवरून एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. जमिनीवर सगळीकडे खिळे, काचा, डब्यांचे तुकडे पडलेले असतात, आणि त्यातलं काहीही उचलायला मनाई आहे. बोडीचा शाप म्हणून एक आख्यायिका आहे. इथून वस्तू नेली की दुर्दैव पाठीस लागतं. वर्षानुवर्षं लोक पश्चात्तापाच्या पत्रांसह खिळे-बाटल्या टपालाने परत पाठवतात. काही पत्रं संग्रहालयात ठेवली आहेत. पण शापापेक्षा खरं कारण मुलांना जास्त पटतं, असा माझा अनुभव आहे. एकदा आमच्याबरोबरच्या मुलाने गंजका खिळा खिशात टाकला. मी त्याला तो तळहातावर ठेवायला सांगितला आणि विचारलं, गोल आहे की चौकोनी? चौकोनी होता. चौकोनी कापीव खिळे साधारण 1890 पर्यंतचे, गोल तारेचे खिळे त्यानंतरचे. म्हणजे तो खिळा जिथे पडला होता तिथे जुन्या भरभराटीच्या काळातलं घर असणार, आता तिथे नुसतं गवत. खिळा हलला की ते घर कायमचं पुसलं जातं. तो मुलगा मागे गेला आणि जागा शोधायला त्याला पंधरा मिनिटं लागली. नंतरचे दोन तास तो जमिनीकडे बघत, काही न उचलता, "चौकोनी, चौकोनी, गोल" असं मोजत फिरला. तुमच्या मुलालाही हे काम द्या, कंटाळण्याचा प्रश्न येणार नाही.

स्मशान पलीकडच्या उतारावर आहे, थोडा चढ आहे. गावाला ज्याचं नाव मिळालं त्या बोडीसाठी गावकऱ्यांनी दगडी स्मारक घडवायला घेतलं होतं. 1881 मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांची हत्या झाली आणि ते स्मारक त्यांच्या नावे उभं राहिलं. ते अजून तिथे आहे.

आता सासऱ्यांचं. गाव सुमारे 2,550 मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा 900 मीटर वर. धाप लागणं, डोकं जड होणं साहजिक आहे. म्हणून म्हटलं की शेवटच्या दिवशी जा. ली व्हायनिंग दोन हजार मीटरवर आहे, तिथल्या दोन रात्रींनी शरीर सरावतं. पहिल्याच दिवशी टायोगा खिंड, म्हणजे 3,000 मीटर, आणि लगेच बोडी हे या वयात नको. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर पुण्यातल्या डॉक्टरांना आधी विचारा. रस्ते मातीचे, खडबडीत, पण मुख्य गाव बऱ्यापैकी सपाट आहे. चढावरचं स्मशान आणि गिरणीचा दौरा त्यांनी सोडला तरी गाव दिसतं. सावली जवळजवळ नाही. टोपी, पाणी आणि ऑगस्ट असला तरी एक स्वेटर. खायला तिथे काही मिळत नाही, पेट्रोलही नाही. डबा बरोबर न्या, आमचा दर वेळी दशम्या आणि चटणीचा असतो. दुपारी ढग दाटले आणि गडगडायला लागलं तर गाडीत बसा, उघड्या माळावर विजेचा धोका असतो.

महामार्ग 395 वरून 270 ला वळा. वळण ब्रिजपोर्टच्या 11 किलोमीटर अलीकडे लागतं. तिथून 21 किलोमीटर, त्यातले शेवटचे पाच कच्चे. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा आहे, कोरड्या दिवसात साधी गाडी हळू नेली तर जाते. फोनवरचा नकाशा कधी मोनो सरोवराकडून कॉटनवुड कॅन्यनच्या वाटेने जायला सांगतो. एकदा ऐकलं आणि टायर फाडून बसले, फोनला रेंज नाही, दोन तास. त्या वाटेने जाऊ नका. प्रवेश शुल्कासाठी रोख रक्कम ठेवा, आणि फाटकावर घरांचे क्रमांक दिलेली पुस्तिका घ्या, तिच्याशिवाय फिरू नका. दाराशी विचारलंत तर ज्येष्ठांना गाडीतून कुठवर नेता येईल ते तिथले रेंजर सांगतात. ऑगस्टमधल्या एका शनिवारी जुन्या वेषातल्या माणसांचा मेळावा भरतो. मुलांना मजा येईल, पण तुम्हाला खिडक्यांशी निवांत उभं राहायचं असेल तर तो दिवस टाळा.

फाटक उघडायच्या वेळी पोचा. पहिल्या तासात ऊन तिरपं असतं, फळ्यांवरच्या रेघा सगळ्यांत ठसठशीत दिसतात, गर्दी नसते. साडेतीन-चार तास पुरतात. परतताना मुलं दमली नसतील तर मोनो सरोवराला वळसा घालून महामार्ग 120 ने पूर्वेला मोनो मिल्सपर्यंत जा. लाकूड कापायच्या गिरणीचे थोडे अवशेष आहेत, आणि आजूबाजूला पुन्हा वाढलेली पाइनची झाडं. सकाळी ज्या भिंतींना नाक लावून आलात त्या इथल्याच.